दोन खाचांच्या मधली जागा

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. एका छोट्या गाडीतली, चालकाची. ती गाडी केव्हाच मोडीत निघाली. मी मात्र एका गॅरेजच्या ओसरीवर जाड फळीला चार बोल्टांनी जखडलेली आहे आणि गाडी दुरुस्तीला टाकून वाट बघणाऱ्या माणसांचे ओझे वाहते आहे. माझी हकिकत सांगण्यासारखी आहे का, याची मला आजही खात्री नाही. माझ्याकडे जन्मभर प्रत्येकाने पाठच केली. त्यामुळे चेहऱ्यांविषयी मला फारसे सांगता येणार नाही. पाठींविषयी मात्र चार शब्द सांगेन म्हणते.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा, वर फोमचा थर आणि त्यावर राखाडी कापड. खाली दोन रूळ होते आणि रुळांना ओळीने खाचा होत्या. पुढच्या बाजूला एक दांडी होती. ती उचलली की मी मोकळी होई. सोडली की खट्‌ असा आवाज करून जवळच्या खाचेत बसे. ज्या कामगाराने मला गाडीत चढवले, त्याने मला दोनतीनदा पुढेमागे सरकवून पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "ही कुणालाही बसेल." कारखान्यात असली वाक्ये दिवसभर बोलली जात असतील. मी मात्र ते आशीर्वादासारखे जपून ठेवले.

ती गाडी विकत घेतली एका मोजणीदाराने. जमिनी मोजायच्या, हद्दी ठरवायच्या, हद्दीवर दगड रोवायचे, हे त्यांचे काम. माणूस चोख, कमी बोलणारा आणि ताडमाड उंच. दारातून आत शिरताना त्यांची मान आपोआप लवत असे. मग एवढीशी गाडी का घेतली, असे तुम्ही विचाराल. घराशेजारी पत्र्याची जी शेड होती, तिच्यात दुसरी गाडी मावलीच नसती. शेडला समोर भिंत, डावीकडे भिंत, उजवीकडे दार उघडण्यापुरती जागा. त्या शेडच्या मापाने गाडी आली आणि गाडीच्या मापाने मोजणीदारांना दुमडावे लागले.

पहिल्या दिवशी त्यांची धाकटी बहीण गाडी बघायला आली होती. खिडकीतून आत डोकावून ती म्हणाली, "दादा, तू गाडीत बसलायस की गाडी घातलीयस?"

"हस, हस."

"नाही रे, शोभतेय तुला. गुडघ्यात जरा तंग झालीय, एवढंच."

गुडघ्यात तंग, हे अगदी खरे होते. मी एक खाच पुढे असले की त्यांचे गुडघे स्टिअरिंगला घासत आणि वळण घेताना हात आणि गुडघा यांची भांडणे होत. एक खाच मागे गेले की गुडघे मोकळे, पण क्लच पुरता दाबला जात नसे आणि गिअर करकर ओरडे. माझी पाठ मागे कलवली तर डोके छताला लागत नसे, पण हात ताणून मान आखडे. सरळ केली तर केस छत झाडत राहत. त्यांनी फितीने मापे घेतली. छताला ओळंबा टांगून गुडघा कुठे येतो ते पाहिले. घराची भिंत चढवतानासुद्धा कुणी इतकी कसोशी केली नसेल.

त्यांच्या पत्नी शेडच्या दारात चहा घेऊन उभ्या राहत आणि विचारत, "कुठे बोचतंय?" हा त्यांचा दिवसभराचा प्रश्न होता. त्या दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत कामाला होत्या. कवळी लावून माणूस नुसते "ठीक आहे" म्हणाला तरी त्या सोडत नसत. ठीक आहे म्हणणारा माणूस घरी जाऊन कवळी डबीत ठेवून देतो, असे त्यांचे मत होते. नणंद त्यांना वहिनी म्हणे. ते ऐकून ऐकून मीही त्यांना मनातल्या मनात वहिनीच म्हणू लागले.

"कुठे बोचतंय ते तरी सांगा."

"बोचत नाही गं. सापडत नाही."

अखेर एकदाची ती जागा सापडली, पण कुठे? दोन खाचांच्या बरोबर मध्ये. तिथे गुडघे सुटत होते, क्लच पुरता दाबला जात होता, हात सैल राहत होते. तिथे बसल्यावर त्यांच्या पाठीतला एकेक मणका माझ्यावर अलगद टेकला आणि त्यांनी असा नि:श्वास टाकला की माझ्या स्प्रिंगा हलल्या. पण दोन खाचांच्या मध्ये मी थांबणार कशी? त्यांनी लाकडाची पाचर ठोकून पाहिली. पहिल्याच ब्रेकला ती निसटली.

मग ते मला ज्या गॅरेजमध्ये घेऊन गेले, तेच हे गॅरेज. गॅरेजवाल्याने रूळ पाहिला आणि डोके खाजवले. "भोक पाडून बोल्ट मारून देतो. पण साहेब, मग ही जाम. उद्या घरातलं दुसरं कुणी चालवायचं म्हटलं तर?"

"दुसरं कोण चालवणार?"

असे ते सहज म्हणाले. त्यात काही वाईट नव्हते. रुळाला आरपार भोक पडले, बोल्ट बसला, नट आवळला गेला. घरी जाऊन त्यांनी ते कुणाला सांगितलेही नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असेच त्यांना वाटले नाही.

मित्रांनो, पुढची कितीतरी वर्षे मी कामाची होते. धुळीचे रस्ते, शेतांचे बांध, मागच्या सीटवर खडखडणारी मोजणीची साखळी. त्यांची पाठ माझ्यात साच्यासारखी बसली. "ही सीट म्हणजे काय सांगू," असे ते लोकांना सांगत, तेव्हा मला बरे वाटे. खोटे कशाला बोलू? पण दांडी उचलली तरी मी तसूभर हलत नसे. गाडी शेकडो गावे फिरली. मी रुळावर असून एका बोटाएवढीही कुठे गेले नाही. कुणालाही बसणार होते, ती एकाचीच होऊन बसले. कौतुकाच्या बोल्टाने जखडले तरी ते जखडणेच, हे मला तेव्हा नीट शब्दांत मांडता आले नसते. आताही आले की नाही, कोण जाणे.

पुढे मोजणीदारांचे खुब्याचे हाड धरले. उजवा पाय उचलायला वेळ लागू लागला. डॉक्टरांनी सांगितले, ॲक्सिलरेटरवरचा पाय वेळेत ब्रेकवर गेला नाही तर नको ते होऊन बसेल. गाडी चालवणे बंद. ते दवाखान्यात हो म्हणाले. घरी आल्यावरही हो म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र घेऊन शेडमध्ये आले, दार उघडून हळूहळू माझ्यावर बसले, दार लावून घेतले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

पुढे भिंत होती. भिंतीवर ओलीचा एक डाग होता, त्याच्या कडा दर पावसाळ्यात थोड्या सरकत. ते त्या डागाकडे बघत. चावी खिशातच असे. असे आम्ही दोघे रोज सकाळी निघत होतो आणि कुठेच पोचत नव्हतो. कोण कुणाला धरून बसले होते, हे मला सांगता येणार नाही.

अशातच वहिनींची कार्यशाळा शहराबाहेर न्यायचे ठरले. तिकडे सकाळी बस जाई, पण संध्याकाळी परतीची बस नव्हती. मालकांनी वहिनींना विचारले, "गाडी आहे ना तुमच्याकडे? मग शिका की." कार्यशाळा हलायच्या आत त्यांना गाडी चालवण्याचा परवाना मिळाला तर काम राहणार होते, नाहीतर दुसरी बाई ठेवली जाणार होती. अर्धे आयुष्य त्यांनी त्या कामात घातले होते. घरी येऊन त्या म्हणाल्या, "अहो, मला शिकवा." आणि मोजणीदार मनापासून म्हणाले, "शिकवतो की. उद्याच सुरू करू."

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्यावर बसल्या. एवढीशी पाठ, पण ताठ. त्यांचे पाय पेडलच्या अलीकडेच राहिले. त्यांनी चाचपून दांडी शोधली, उचलली आणि मला पुढे ओढले. मी हलले नाही. पुन्हा जोर लावला.

"अहो, ही सरकत नाही."

शेजारच्या सीटवर मोजणीदार बसले होते. त्यांनी काच खाली केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गंजलीय. जुनी झालीय आता."

मित्रांनो, मी गंजले नव्हते! माझ्या रुळांवरचे तेल अजून वाळलेले नव्हते. पण मला तोंड कुठे होते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

"गॅरेजवाल्याला दाखवू या का?"

"कशाला? उशी घे पाठीला. उशीनं भागेल."

मग माझ्यावर उशा आल्या. पाठीला दोन, खाली एक. नणंदेने ते पाहिले आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, गाडी चालवायला निघालीस की गाद्यागिरद्यांचं दुकान मांडायला?"

"हसा, वन्सं, हसा. परवाना मिळाला की पहिल्यांदा तुम्हालाच फिरवून आणते."

"उशीवर बसून येऊ की उशी होऊन?"

हसत हसत वहिनी शिकल्या. सपाट रस्त्यावर त्या छान चालवत. हात हलका, नजर बारीक. पण उशी म्हणजे काही सीट नव्हे. चढावर त्या क्लच दाबत, तेव्हा पायाचा जोर पाठीवर येई आणि पाठ टेकायला जावे तो उशी दबून मागे जाई. परीक्षेत चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची होती. पहिल्या परीक्षेत पाठीची उशी कलंडली, क्लचवरचा पाय सुटला, इंजिन बंद पडले आणि गाडी मागे घसरत कट्ट्याला टेकली. परीक्षक म्हणाला, "बाई, आधी पाय पोचू द्या. मग गाडी पोचेल." दुसऱ्या परीक्षेत ब्रेक लागताच खालची उशी पुढे सरकली आणि वहिनी स्टिअरिंगच्या खाली गेल्या. परीक्षकाला बाजूला नुसता अंबाडा दिसला असेल. या वेळी त्याने सरळ कागदावर फुली मारली.

परत येताना गाडी सोबत आलेल्या नणंदेने चालवली. तिचे पाय पोचत होते. भावाचीच उंची ती. घरी आल्यावर ती निघून गेली आणि वहिनी शेडमध्ये उशा गोळा करायला आल्या. उशा काढता काढता माझ्यावरच बसल्या. मोजणीदार काठी टेकत दारात आले.

"माझ्यानं नाही व्हायचं," वहिनी म्हणाल्या. "माझे पायच आखूड, त्याला गाडी तरी काय करणार? परवा कामावर गेले की मालकांना सांगून टाकते, दुसरी बाई बघा म्हणून."

त्यांची पाठ थरथरत होती. ती थरथर माझ्या स्प्रिंगांमधून खाली रुळांत उतरली आणि त्या बोल्टापाशी जाऊन अडली. मोजणीदारांना ती दिसली असेल का, मला माहीत नाही. ते एवढेच म्हणाले, "एवढ्यात नको सांगू."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी मोजणीदार एकटेच शेडमध्ये आले. हातात वर्तमानपत्र नव्हते, पाना होता.

त्यांनी दार उघडले, कसेबसे गुडघे टेकले आणि आडवे होऊन माझ्यापुढच्या पोकळीत शिरले. बोल्ट रुळाच्या मागल्या टोकाशी होता. हात माझ्याखालून लांबवला, तरी पाना नटाला लागेना. म्हणून ते आणखी आत गेले. एक खांदा पेडलपाशी, छाती माझ्या कडेला टेकलेली, डोके स्टिअरिंगखाली. आणि खुबा धरला. मागे येता येईना, पुढे जाता येईना. लांबलचक पाय तेवढे दाराबाहेर.

मी थोडी मागे सरकले असते तर ते सुटले असते. चार बोटे पुरली असती. पण मला सरकू द्यायचे नाही म्हणून तर तो बोल्ट होता! त्यांनीच मला धरले होते आणि आता मी त्यांना धरले होते. अडकित्त्यात सुपारी अडकते आणि सुपारीमुळे अडकित्ताही मिटत नाही, तसे आमचे झाले.

हाक मारायला त्यांना बराच वेळ लागला. मारली तीही हळूच. "अगं... जरा येतेस का?"

वहिनी आल्या. पाय पाहून घाबरल्या. "अहो! पडलात की काय?"

"पडलो नाही. अडकलोय."

"तिथे काय शोधत होतात?"

मग पेडलमधून आवाज आला, "मागच्या सीटवर जा. तिथून खाली हात घाल. पाना टाकलाय बघ मी. एक नट लागेल. उलटा फिरव."

वहिनी मागे जाऊन वाकल्या. त्यांची बोटे माझ्याखाली आली. कवळीवरचा केसाएवढा उंचवटा शोधणारी बोटे ती. नट सापडला, बोल्टाचे डोके सापडले. बोटे तिथेच थांबली.

"हा तर गुळगुळीत आहे," त्या म्हणाल्या. "गंज कुठाय?"

"नाहीये."

"मग?"

"मी बसवून घेतला होता. गाडी घेतली तेव्हा."

वहिनींनी पाना खाली ठेवला. पायपुसण्यावर तो ठेवल्याचा बारीकसा आवाज मला आजही आठवतो.

"मग राहा असेच जरा वेळ," त्या म्हणाल्या.

आणि मागच्या सीटवर टेकून बसल्या.

"मी दोनदा नापास झाले."

"हो."

"उशीमुळे."

"हो."

"आणि मी माझ्या पायांना शिव्या घालत बसले. तुम्ही ऐकत होतात."

"हो गं."

"का?"

मोजणीदारांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांचा श्वास माझ्या कापडाला लागत होता. मग म्हणाले, "ही हलली ना, की मी गाडी चालवत नाही हे खरं होईल. आत्ता नुसतं डॉक्टर म्हणतात."

रागाचा एक श्वास वहिनींनी आत घेतला आणि सोडला. मग विचारले, "कुठे बोचतंय?"

"खुब्यात."

"आणखी?"

"...सगळीकडेच."

"हं. आता बरोबर सांगितलंत." वहिनींनी पाना उचलला. "दगड खुणेसाठी असतो, असं तुम्हीच म्हणता ना? हद्दीवर दगड रोवता, पण शेत काही दगडाला बांधून घालत नाही तुम्ही. जागा तुमचीच आहे. भोक तिथंच राहणार आहे. ते काही मी खात नाही."

नट फिरू लागला. शेवटच्या आट्यातून बोल्ट निसटला, वहिनींनी पुढे हात घालून दांडी उचलली आणि मला मागे खेचले. मित्रांनो, मी सरकले! आधी कुरकुरले, लाजले, मग सरकले. खट्‌! केवढ्या वर्षांनी तो आवाज माझ्या अंगातून आला.

मोजणीदार पालथे होऊन बाहेर येत होते, नेमकी तेव्हाच नणंद दारात आली. नुसते पाय बघून म्हणाली, "दादा, आता गाडीनंच तुला घातलं की काय?"

कुणी हसले नाही. मग वहिनीच आधी हसल्या.

त्याच संध्याकाळी ओळंबा पुन्हा छताला टांगला गेला. या वेळी मापे वहिनींची होती. मोजणीदार शेजारच्या सीटवर फीत धरून बसले होते आणि दर खाचेला विचारत होते, "कुठे बोचतंय?" त्यांनी हा प्रश्न याआधी कधी कुणाला विचारला असेल, असे मला वाटत नाही; उच्चारताना ते अडखळत होते. वहिनींची जागा खूप पुढे निघाली, अगदी खाचेवर. उंचीसाठी एक घट्ट गादी शिवून ती माझ्या अंगाला बंदांनी बांधली. गॅरेजवाल्याने बोल्टाऐवजी ओढली की निघणारी एक खीळ करून दिली आणि ती दोरीने दांडीला अडकवली. म्हणाला, "हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं." मोजणीदार म्हणाले, "तेव्हा मी ऐकलं नसतं."

तिसऱ्या परीक्षेत वहिनी चढावर थांबल्या. त्यांची पाठ माझ्यावर पुरती टेकली होती. क्लच दाबला, जोर माझ्यावर आला आणि मी तो धरला. गाडी मागे गेली नाही. त्या दिवसाइतकी उपयोगाची मी आधी किंवा नंतर कधी झाले असेन असे वाटत नाही.

काम राहिले. वहिनी रोज सकाळी खीळ काढून मला पुढे घेत आणि कामावर जात. संध्याकाळी शेडमध्ये गाडी लावली की दांडी उचलून मला मागे सरकवत, दोन खाचांच्या मध्ये आणून भोकात खीळ घालत आणि घरात शिरताना म्हणत, "जा, तुमची गाडी मोकळी आहे." मग मोजणीदार येत. थोडा वेळ बसत. पण आता ते दार लावून घेत नसत.

एका हिवाळ्यात ते गेले.

त्यानंतर काही दिवसांनी वहिनी पहिल्यांदा कामावर गेल्या आणि संध्याकाळी परतल्या. गाडी लावली. हात सवयीने दांडीकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी दांडी उचलली, मला मागे नेले, भोकात खीळ घातली. उतरल्या नाहीत. बसून राहिल्या. त्यांचे पाय हवेत लोंबत होते, लहान मुलीसारखे. त्यांनी पुढे पाहिले.

"अहो," त्या म्हणाल्या, "इथून तर नुसती भिंत दिसते हो."

आणि तरीही त्या अंधार पडेपर्यंत त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

पुढे गाडी थकली. वहिनींनी आणखी लहान गाडी घेतली. गॅरेजवाल्याने मला मोडीत जाऊ दिले नाही. रुळांसकट काढून या फळीवर ठोकले. खीळ हरवली. पण रुळातले ते भोक अजून आहे आणि दांडीही आहे. तिला कुणी हात लावत नाही. येणारा येतो, टेकतो, पाय आखडून किंवा लोंबकळत ठेवून वाट बघतो आणि निघून जातो.

मित्रांनो, उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. मी बसायची वस्तू. एवढेच मागते. कुठे बसलात आणि नीट बसता आले नाही, तर आपल्या पायांना दोष देण्याआधी खाली हात घालून दांडी चाचपून बघा. हलली नाही, तर लगेच गंज म्हणू नका. कुणीतरी, कधीतरी, अगदी मायेने तिथे बोल्ट मारलेला असू शकतो. ज्याने मारला त्याला शोधा आणि विचारा, कुठे बोचतंय. तो "ठीक आहे" म्हणेल. तेव्हा पुन्हा विचारा.